नारळाच्या एकोणऐंशी फांद्या

सातपूरच्या कोठारात 'ठिकरी'चे एकूण एकेचाळीस संच होते. त्यांतले सदतीस खोक्यासकट, चार नुसतेच. प्रत्येकाबरोबर दोन कंट्रोलर हवेत, म्हणजे ब्याऐंशी, मिळाले अठ्ठ्याहत्तर. वीज जोडल्यावर एकोणतीस संच चालू झाले, सात चालू होऊन पाच मिनिटांत बंद पडले, आणि पाचांनी काहीच केलं नाही. आणखी एका खोक्यात संचाऐवजी कोणाचा तरी जेवणाचा डबा निघाला. तो मोजणीत धरलेला नाही.

"डबा उघडलास का?" तन्वीर सरांनी विचारलं. तन्वीर मुजावर आमच्या कंपनीचे तांत्रिक प्रमुख. कंपनीचं नाव सूरपारंबी.

"नाही सर. आठ वर्षांपूर्वीचा आहे."

"शास्त्रज्ञ म्हणवतेस आणि उघडला नाहीस?"

"तुमच्यासाठी ठेवलाय."

आठ वर्षांपूर्वी सूरपारंबी घराघरांत टीव्हीखाली ठेवायचं खेळाचं यंत्र बनवायची. तेच ठिकरी. मग खेळ दूरच्या सर्व्हरवर चालू लागले आणि घरी फक्त चित्र येऊ लागलं. यंत्राची गरज संपली. एक कंट्रोलर आणि कोणताही पडदा पुरे. ठिकरी बनवायचं बंद झालं. आता मात्र संचालक मंडळात पुन्हा वाद सुरू झाला होता. आमचे खेळाडू साधारण नवव्या महिन्यात सोडून जात होते. खेळ अवघड वाटतो म्हणून नव्हे. जाणाऱ्यांचे गुण उत्तम असायचे. विचारलं तर सांगत, "मजा येत नाही." मंडळातल्या काहींचं म्हणणं, घरातलं यंत्र परत आणा. बाकीच्यांचं म्हणणं, हा जुन्या आठवणींचा लळा आहे, धोरण नव्हे. माझ्याकडे काम आलं ते मोजमापाचं: दोन्ही पद्धतींत बटण दाबल्यापासून चित्र बदलेपर्यंत किती वेळ जातो ते सांगायचं. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली, नोकरीला दीड वर्ष झालेली. पडद्यावर प्रकाशाचा संवेदक चिकटवायचा, बटणाखाली दुसरा, आणि दोघांमधलं अंतर वाचायचं.

ठिकरीचं उत्तर सरळ आलं. बावीस मिलिसेकंद. सकाळी बावीस, संध्याकाळी बावीस.

सर्व्हरवरच्या खेळाचं उत्तर सरळ येणार नव्हतं, हे मला माहीत होतं. बटणाचा इशारा सर्व्हरपर्यंत जातो, तिथे नवं चित्र तयार होतं, ते परत येतं. या फेरीला नव्वद ते एकशे सत्तर मिलिसेकंद लागतात, आणि संध्याकाळी सगळे खेळायला बसले की आणखी. एवढा उशीर बोटांना कळतो. तो लपवण्यासाठी आमच्याकडे 'पूर्वहस्त' आहे. ही प्रणाली तुमचा हात शिकते. कोणता प्रसंग आला की तुम्ही कोणतं बटण केव्हा दाबता, याचा ती प्रत्येक खेळाडूसाठी वेगळा नमुना बनवते. मग तुमचा इशारा पोहोचायच्या आधीच, तुम्ही दाबणारच असं धरून, पुढचं चित्र पाठवून देते. शंभरात सत्त्याण्णव वेळा तिचा अंदाज बरोबर येतो. चुकला तर ती चित्र हळूच दुरुस्त करते. इशारा वाटेतच हरवला, तर अंदाजालाच इशारा मानते. शंकेचा फायदा खेळाडूला, असं आमच्याकडे अभिमानाने म्हणत.

पूर्वहस्त चालू असताना उशीर आला सरासरी अठरा. ठिकरीपेक्षाही कमी. आणि एका वाचनात आला उणे सहा. म्हणजे बटण दाबण्याच्या सहा मिलिसेकंद आधी आमच्या 'खारूताई' खेळातल्या खारीने उडी मारली होती. मी संवेदक काढून पुन्हा चिकटवला आणि ते वाचन बाजूला ठेवलं.

मी राहते नाशिकच्या सिडकोत, मंजूआत्याकडे. अकरावीला सिन्नरहून शिकायला आले ती तिथेच राहिले. आत्या अंबडच्या एका फोर्जिंगच्या कारखान्यात क्रेन चालवते. हल्ली बहुतेक क्रेन खाली उभं राहून रिमोटने चालवतात, पण जड डाय, म्हणजे लोखंडाला आकार देणारे साचे, बदलायच्या शॉपमध्ये वरची केबिन अजून आहे, आणि बावीस वर्षं त्या केबिनमध्ये आत्या बसत होती. मी सहावीत असताना खंडेनवमीला तिने मला कारखान्यात नेलं होतं. त्या दिवशी यंत्रं बंद, पूजा झालेली, घरच्यांना आत यायची मुभा. तिने मला केबिनमधून खाली लोंबणारा हुक दाखवला आणि म्हणाली, "हा जोरात हलू दे नाहीतर हळू, एका झोक्याला वेळ तेवढाच लागतो. मोज." मी मनात आकडे म्हणत मोजलं. दोलकाचं सूत्र मला पुढे चार वर्षांनी शाळेत भेटलं, तेव्हा ते ओळखीचं होतं.

मागच्या मे महिन्यात आत्या जिन्यात पडली. उजव्या कोपरातली शीर दुखावली, शस्त्रक्रिया झाली. हात हलू लागला, पण बोटं उशिरा ऐकू लागली. कारखान्याचा नियम असा की केबिनमध्ये परत जायचं तर हाताची चाचणी द्यायची. पडद्यावर एक ठिपका झोक्यासारखा जातो-येतो. तो मधल्या रेषेवर आला की बटण दाबायचं. साठ वेळा. सरासरी चूक साठ मिलिसेकंदांच्या आत हवी आणि हुकलेले झोके पाचांपेक्षा जास्त नकोत. वर्षात तीन संधी. तिन्ही गेल्या की केबिन कायमची सुटणार. पगार तोच राहणार, पण काम हत्यारांच्या खिडकीत, स्पॅनर द्यायचे आणि स्पॅनर घ्यायचे.

"खिडकीत काय वाईट आहे?" मी एकदा विचारलं होतं.

"वाईट काही नाही. वर माझ्या डोक्यावर कोणी बसत नाही, एवढंच."

जुलैतली पहिली चाचणी चुकली. सरासरी एकशे एकतीस. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, बोटांना वेळेवर हलायची सवय लागेल असा एखादा खेळ खेळा. आत्याकडे आमच्याच कंपनीचा 'खारूताई' खेळ दोन वर्षांपासून होता. खार एका फांदीवरून दुसरीवर जाते. फांद्या वाऱ्याने वरखाली झुलतात. नेमक्या क्षणी बटण दाबलं तर उडी, नाहीतर खार खाली पडते आणि पुढच्या फांदीवर चढते. एकूण शंभर फांद्या. जिन्यात पडण्याआधी आत्याला साधारण चौऱ्याऐंशी जमायच्या. ऑगस्टमध्ये तिने पुन्हा सुरुवात केली, आणि तिसऱ्याच दिवशी चौऱ्याऐंशी झाल्या.

"रेवे, हात आला गं माझा!" तिने शेजारच्या देवरेकाकूंना पेढे दिले. मीही खाल्ले.

सप्टेंबरमधल्या दुसऱ्या चाचणीत सरासरी आली एकशे सत्तावीस.

सुपरवायझर म्हणाले, टेन्शन आलं असेल. घरी येऊन आत्याने खारूताई खेळून पाहिला. पंच्याऐंशी. मग कंट्रोलर खाली ठेवून ती बराच वेळ आपल्या हाताकडे बघत बसली, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता आणि खोटं बोलला होता. तिसरी संधी जानेवारीत होती.

त्यानंतर आली खंडेनवमी. आमच्या घरी त्या दिवशी पाटावर हत्यारं मांडतात. आत्याचे दोन स्पॅनर, तिचं शिलाई मशीन बाजूला, विळी, माझा व्हर्निअर कॅलिपर, आणि दोन वर्षांपासून कंट्रोलरसुद्धा. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं एकेक फूल. त्या दिवशी या कशालाच हात लावायचा नाही. पाटावर जागा उरली नव्हती म्हणून नारळ कंट्रोलरवरच ठेवला होता. वर पंखा चालू होता. नारळ पूर्ण बसला नव्हता. थोडासा डुलत होता.

मी स्वयंपाकघरात पुरणाचा कुकर बघत होते. आत्याची हाक आली.

"रेवे, पूजेच्या दिवशी खेळतेस होय गं?"

"मी इथे आहे, आत्या."

"मग टीव्हीवर कोण खेळतंय?"

मी बाहेर आले. टीव्ही लागला होता. कंट्रोलर हलला की तो जागा होतो आणि शेवटचा खेळ सुरू होतो. पडद्यावर खार उड्या मारत होती. एकतीस, बत्तीस, तेहतीस. चौतिसाव्या फांदीवर पडली, वर चढली, पुढे निघाली. आम्ही दोघी पाटासमोर उभ्या राहून बघत होतो. कंट्रोलरवर नारळ होता. दुसरं कोणी नव्हतं.

"नारळ खेळतोय," मी म्हणाले.

आत्याला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती खुर्चीवर बसली. "अगं बाई, शेंडी बघ कशी डोलवतोय! देवरेवहिनींना बोलाव. अगं, साठ झाल्या!"

खेळ संपला तेव्हा पडद्यावर आकडा होता एकोणऐंशी. त्याखाली नेहमीची ओळ: 'शाब्बास, मंजूषा!'

आत्याचं हसू एकदम थांबलं.

"म्हणजे माझ्या चौऱ्याऐंशीतल्या एकोणऐंशी याच्या?"

मला ते उणे सहा आठवलं.

"रेवे, विचारलं मी काहीतरी."

"हो. बहुतेक हो."

"बहुतेक म्हणजे किती?"

"मोजून सांगते."

"मोज," ती म्हणाली. "पण मग जो येईल तो आकडा सांगायचा. पेढे नकोत मला."

दुसऱ्या दिवशी दसरा होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो नारळ ऑफिसात घेऊन गेले.

"हे काय? नवीन माणूस घेतला कामावर?" तन्वीर सर म्हणाले.

"तुमच्यापेक्षा चांगला खेळतो सर." मी आत्याचं खातं उघडलं, कंट्रोलरवर नारळ ठेवला, टेबलफॅन सुरू केला. या वेळी सत्त्याहत्तर झाल्या. सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा करायला सांगितलं. ऐंशी.

दोषाचं कारण दुपारपर्यंत सापडलं. लागोपाठ तीन इशारे हरवले की पूर्वहस्ताने अंदाज थांबवावा, अशी मर्यादा घातलेली होती. पण कंट्रोलरकडून कोणताही इशारा आला की ती मोजणी पुन्हा शून्यावर यायची. नारळाखाली डाव्या हाताची जॉयस्टिकची कांडी दबलेली. नारळ डुलला की ती किंचित हलायची. सर्व्हरला वाटायचं, माणूस बसलेला आहे, फक्त बटणाचे इशारे वाटेत हरवतायत. मग तो ते भरून काढायचा. अपघाताआधी त्याने शिकून ठेवलेल्या आत्याच्या हाताने.

"हा दोष काढून टाकू. दोन ओळींचं काम आहे," सर म्हणाले.

"तो काढला तरी उरतंच सर. नारळाने फक्त शंभर टक्के करून दाखवलं. माणसाच्या बाबतीत किती टक्के भरलं जातं, ते आपण कधी मोजलेलंच नाही."

मग ते मोजलं. परवानगी दिलेल्या दोनशे खेळाडूंच्या नोंदी घेतल्या आणि प्रत्येकाच्या यशातला त्याच्या स्वतःच्या वेळेवर दाबण्याचा वाटा काढला. त्याला आम्ही हस्तांश म्हणू लागलो. पहिल्या महिन्यात हस्तांश सरासरी ब्याण्णव टक्के होता. नवव्या महिन्यात एकसष्ट. गुण मात्र चढतेच.

असं का होतं, हे समजायला अवघड नाही. हात चुकांवर शिकतो. बोट हलवताना मेंदू आधीच ठरवतो की आता काय दिसायला हवं. मग प्रत्यक्षात दिसतं ते वेगळं असेल, तर त्या फरकाने पुढची हालचाल सुधारतो. पूर्वहस्त हा फरकच दिसू देत नव्हता. उशिरा दाबलं तरी खार वेळेवर उडायची. मेंदूच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं; सुधारायला काही उरलेलं नाही. हात सैल पडत जायचा, आणि कुठेतरी आत कळायचं की जिंकण्याला चव नाही. माणसं नवव्या महिन्यात जायची ती यामुळे. आत्याच्या बाबतीत तर दोन महिन्यांच्या सरावातून हाताला शिकायला एकही चूक मिळाली नव्हती.

"मग पूर्वहस्त बंद करू," सर म्हणाले.

"त्याने भागत नाही. तो बंद केला की उशीर नव्वद ते एकशे सत्तरमध्ये नाचतो. ठरलेला उशीर मेंदू शिकून घेतो, तेवढं आधी दाबतो. नाचणारा उशीर शिकता येत नाही. खरी चूक दाखवायची तर यंत्र घरातच हवं. बावीस म्हणजे बावीस."

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. "रेवा, माझी अम्मी मिरजेला असते. तिचे हात थरथरतात, तुला माहीत नसेल. ती रोज संध्याकाळी माझ्या मुलाशी आपली 'तीनपायी शर्यत' खेळते, या नाशकातल्या पोराशी, मिरजेत बसून. पूर्वहस्त आहे म्हणून खेळते. बावीस मिलिसेकंदांचं सत्य घेऊन ती काय करेल? मुलगा जिंकेल, दोन दिवसांनी कंटाळेल, आणि ती पुन्हा भिंतीकडे बघत बसेल. हे तुझ्या अहवालात कुठे लिहिशील?"

"ते कुठे लिहायचं, मला माहीत नाही सर."

"नसू दे माहीत," ते म्हणाले. "पण लिही. आणि त्या एकोणतिसातली एक ठिकरी घरी घेऊन जा. आत्यांना म्हणावं, आमच्या चाचणीतल्या खेळाडू क्रमांक एक."

ठिकरीवर पहिल्या दिवशी आत्याच्या अकरा फांद्या झाल्या.

"नारळ बरा होता," ती म्हणाली आणि उठून गेली.

पुढच्या आठवड्यात नऊ, चौदा, बारा, सोळा. ती रोज रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास बसायची. मी चुका मोजायचे: प्रत्येक उडी नेमक्या क्षणाच्या किती मागे. जवळजवळ सगळ्या मागेच. शिरेतून निरोप उशिरा जात होता तो साधारण पस्तीस मिलिसेकंदांनी, असं डॉक्टरांच्या तपासणीत आलं होतं. आत्याचा उशीर एकशे तीसच्या घरात होता. बाकीचे पंच्याण्णव कुठून येत होते, ते मला सापडत नव्हतं. मी तिला सांगायचे, "थोडं आधी दाब." ती म्हणायची, "किती आधी?" मी म्हणायचे, "पंच्याण्णव मिलिसेकंद." ती माझ्याकडे अशी बघायची की मी गप्प बसायचे.

दिवाळी होऊन गेली. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास आकडा तेवीसवर अडकला. एके संध्याकाळी तिने कंट्रोलर सोफ्यावर टाकला.

"मला तो दुसरा लाव."

"कोणता?"

"ज्याच्यात चौऱ्याऐंशी होतात तो. एकदा बघू दे मला. खोटं तर खोटं."

"आत्या, त्याने हात..."

"रेवे, पन्नाशी उलटली माझी. मला माहीत आहे ते खोटं आहे. लाव."

ऑफिसातला दोष दुरुस्त झाला होता, पण मोजमापासाठी जुनी आवृत्ती माझ्याकडे चालू होती. मी ती लावून दिली. कंट्रोलर तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही.

"मला नको. त्याला दे."

"कोणाला?"

"नारळ कुठाय तुझा?"

नारळ माझ्या बॅगेतच होता. रोज ऑफिसात लागायचा. मी तो कंट्रोलरवर ठेवला, पंखा लावला. आत्या मांडी घालून टीव्हीसमोर बसली. खार निघाली. आत्या खारीकडे बघत नव्हती, फांदीकडे बघत होती. तीन वेळा तिने पहिल्यापासून लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी ती पुढे सरकली.

"थांब. पुन्हा. हे बघ. फांदी वर यायला अजून अवकाश आहे, आणि मी दाबलं."

मी, असंच म्हणाली ती.

"आता मी काय करते, फांदी वर आलेली दिसेपर्यंत थांबते. मग दाबते. पडल्यापासून मी बघून दाबते." ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलत होती. "क्रेनवर डाय झोका घेतो, तो परत मध्ये आलेला दिसला की ब्रेक मारून उपयोग नसतो. तो यायच्या आधी हात जायला पाहिजे. हे मी पोरांना शिकवायचे गं. बावीस वर्षं शिकवलं. आणि जिन्यात पडल्यावर मलाच भरवसा राहिला नाही हाताचा."

बाकीचे पंच्याण्णव मिलिसेकंद सापडले होते.

त्या दिवसापासून आम्ही दोन्ही लावू लागलो. भिंतीला टेकवलेल्या जुन्या पडद्यावर नारळ खेळायचा, म्हणजे आत्याचा जुना हात. टीव्हीवर ठिकरी, आत्याचा आताचा हात. ती दोघांकडे आळीपाळीने बघायची. "बघ, बाई कशी निवांत दाबायची," असं स्वतःबद्दल कौतुकाने म्हणायची, आणि नारळ एखाद्या फांदीवर पडला की, "इथे मी तेव्हापण पडायचे, मेलं ते वळणच वाकडं आहे." डिसेंबरच्या मध्याला तिच्या एकेचाळीस झाल्या. नाताळात अठ्ठावन्न. देवरेकाकू बघायला येऊन बसू लागल्या आणि नारळाच्या बाजूने ओरडू लागल्या.

अहवाल मी त्याच आठवड्यात पुन्हा लिहायला घेतला. आधीच्या मसुद्यात पूर्वहस्त हा दोषी होता. पण त्यानेच आत्याचा जुना हात जपून ठेवला होता. दुसरा कोणताही पुरावा जगात नव्हता. त्याने एकच चूक केली होती, तो हात तिच्या नकळत तिच्या हातात मिसळला होता. म्हणून नव्या अहवालात मी एक वाक्य आधी लिहिलं: अंदाज दाखवावा, मिसळू नये. खेळ घरातल्या यंत्रावर चालावा, म्हणजे उशीर ठरलेला राहील. पूर्वहस्ताची खार वेगळी, फिकट, शेजारून धावावी. ज्याला मदत हवी त्याने ती मागून घ्यावी, आणि तेव्हा पडद्यावर दोन्ही आकडे दिसावेत, हाताचा आणि मदतीचा.

तन्वीर सरांनी तो मिरजेला अम्मींना फोनवर वाचून दाखवला. मी समोर बसले होते. पलीकडून आवाज आला, "म्हणजे इतके दिवस मी जिंकत होते ते मी नव्हते?"

"थोडी तू होतीस, अम्मी."

"थोडी म्हणजे किती?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी बोटांनी सांगितलं. त्यांचा हस्तांश आम्ही काढला होता.

"चौतीस टक्के," सर म्हणाले.

अम्मी म्हणाल्या, "शंभरात चौतीस? या हाताने? बघ हं, शाळेत मला गणितात एवढे पडले नव्हते. पोराला सांग, मदत चालूच ठेवणार मी. पण ते चौतीस मोठ्या अक्षरात दिसले पाहिजेत."

संचालक मंडळाने जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निर्णय दिला. नवी ठिकरी, पाचशे संच, आठ महिने, मग पुढचं. बैठकीतून बाहेर येऊन सरांनी मला कोठारातला तो डबा दिला. घासून स्वच्छ केलेला, रिकामा. "उघडला मी," ते म्हणाले. "आत काय होतं ते विचारू नकोस."

तिसऱ्या चाचणीच्या दिवशी मी सुट्टी घेऊन आत्याबरोबर अंबडला गेले. आदल्या संध्याकाळी ठिकरीवर तिच्या त्र्याहत्तर झाल्या होत्या. तो नारळही तिने पिशवीत घेतला होता. तीन महिन्यांत त्याचं पाणी आटून तो आत खुळखुळत होता. क्रेन पहिल्यांदा सुरू करताना नारळ फोडायची कारखान्यात पद्धत आहे.

"आधीच कशाला आणलात?" सुपरवायझर वाघचौरे हसून म्हणाले. "निकाल तर येऊ द्या, ताई."

"आधी साठच्या आतला आकडा, मग नारळ. मला ठाऊक आहे," आत्या म्हणाली. "आकडा नाही आला तर याची चटणी करीन. त्याचे उपकार आहेत माझ्यावर, वाया जाऊ देणार नाही."

चाचणीची खोली काचेची होती. मी बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. पलीकडे शॉपमध्ये क्रेनचा रिकामा हुक लोंबत होता. कोणीतरी तो नुकताच सोडला असावा, कारण तो सावकाश हलत होता. सहावीतल्यासारखी मी मनात आकडे म्हणत त्याचे झोके मोजले. वेळ तेवढाच लागत होता. ज्या बाईने मला हे मोजायला शिकवलं, ती काचेपलीकडे बसली होती. तिचा अंगठा बटणावर टेकलेला होता आणि नजर ठिपक्यावर नव्हती. ठिपका जिथे येणार होता त्या रेषेवर होती.

दहा मिनिटांनी ती उठली. बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. पिशवी तिने आपल्या मांडीवर घेतली. वाघचौरे कागद घेऊन दारात आले, चष्मा नाकावर खाली ओढला आणि वाचून दाखवलं.

झोके साठ. हुकलेले तीन. सरासरी चूक बावन्न मिलिसेकंद.